राहीनं पान चावलं

काशीदला राहीच्या घरात झाड होतं. परसात नव्हे, अंगणात नव्हे, घरात. एवढ्यावरच गावानं तिला चेटकीण ठरवून टाकली होती. गावाला काय, निमित्त लागतं.

झाड वीतभर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात लावलेलं. हिरव्या पानांवर तांबड्या शिरा. तिचा नवरा अनंता बोटीवर खलाशी, त्यानं कुठल्याशा दमट बेटावरून आणलेलं. "ऊन दाखवू नको, घरातच ठेव," एवढं सांगून तो पुन्हा बोटीवर गेला आणि वाटेतच तापानं मेला. बोटवाल्यांनी त्याला समुद्रात सोडला. राहीच्या हाती राखसुद्धा लागली नाही.

त्याचं सांगणं तिनं आधी ऐकलं नव्हतं. झाड म्हणजे तुळस, दुसरं तिला काय ठाऊक? वृंदावनाशेजारी ठेवलं, रोज न्हाल्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पानं करपली, देठ कुजायला लागले. तेव्हा घाबरून डबा आत आणला, खिडकीपासून हातभर लांब ठेवला, बुडाला खिळ्यानं भोकं पाडली. मग माती बोटानं चाचपायची, कोरडी लागली तरच पाणी. तेही दारच्या मचूळ विहिरीचं नाही. त्या पाण्यानं पानांच्या कडा जळायच्या. डोंगराकडच्या गोड्या विहिरीवरून कळशी आणायची. दिवस मावळला की पानं हात जोडल्यासारखी मिटायची. त्या घरात हालणारं असं तेवढंच, आणि भुरी मांजर.

एका दुपारी भुरीनं पान कुरतडलं आणि ओटीवर ओकली. शेजारची बायजा नेमकी विस्तव मागायला आलेली.

"अगो बाय! विखारी हाय ता झाड! आधी नवरा खाल्लान, आता मांजर खातंय!"

"मांजर गवत खाऊन पण ओकतंय, बायजे. मग माळ जाळशील काय?"

बायजानं आरडून आळी गोळा केली. राहीचा धाकटा दीर कोंडाजी पुढं झाला. "वयनी, लोकांची पोरंबाळं हायत. उद्या मी येतंय नि डबा समुद्रात टाकतंय."

समुद्रात. राहीच्या डोक्यात तिडीक गेली.

"एक माणूस दिलाय त्याला. आणखी काय न्हाय मिळायचा!"

तिनं डब्यातलं सगळ्यात मोठं पान खुडलं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चावलं, गिळलं. तोंड तुरट झालं, बस.

"विखारी हाय ना? उद्या बघाया या. मेलेली दिसले तर टाका काय टाकायचा तो."

माणसं पांगली.

दुसऱ्या दिवशी राही उजाडताच उठली. पोटात कळ नाही, डोकं ठणठणीत. धुतलेलं लुगडं नेसली, ओटी सारवली, दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात बसली. येऊ दे आता. प्रत्येकाला उभी राहून दाखवणार होती.

कोणी आलं नाही. बायजाच्या घरातून धूर निघत होता; तिला विस्तव दुसरीकडं मिळाला होता. कोंडाजी बैल घेऊन समोरून गेला, मान वळवली नाही. काल विष विष म्हणून ओरडणाऱ्यांपैकी एकालाही, बाई जगली की मेली, हे बघायला चार पावलं टाकावीशी वाटली नाहीत. मेली असती तर वास सुटेपर्यंत कळलं नसतं.

झाड वाचलं होतं. ते सांगायचं कुणाला?

ऊन उतरलं. पानं मिटू लागली. भुरी डब्यापाशी गेली आणि एक पान कुरतडू लागली. राहीनं तिला हाकललं नाही.

"खा गो," ती म्हणाली. "आपल्याला काय होतंय."

आणि उठून तिनं दार लावून घेतलं.