गणितात नसलेली गोदूबाई

दुपारी तीनच्या सुमारास साजगावच्या वरच्या अंगाला नवा बांधलेला बंधारा फुटला. कुणी दगावलं नाही. खालची भातं गाळाखाली गेली आणि ओव्हरसियर त्र्यंबक टिपणीस यांचं पहिलं स्वतंत्र काम खाडीच्या दिशेनं वाहून गेलं. ही गोष्ट १८८७ च्या श्रावणातली.

बंधारा फुटणार नाही, हे टिपणीसांनी कागदावर सिद्ध केलं होतं. त्याच्या मोरीला लाकडी फळ्या होत्या. नदी चढायच्या आत त्या उपसल्या की पाणी निघून जाई. एकदा पाण्याचा जोर बसला की मग हत्ती लावला तरी फळी हलत नसे. म्हणून वर नदीकाठानं चार जागी चार पहारेकरी बसवले होते आणि प्रत्येकाला एक सरकारी ढोल दिला होता. नदी चढताना दिसली की ढोल बडवायचा. चौघांपैकी एकानं बडवला तरी काम भागणार होतं.

पुण्याला शिकलेले टिपणीस माणसांवर विश्वास ठेवत नसत, आकड्यांवर ठेवत. आषाढभर त्यांनी अवचित फेऱ्या मारल्या. प्रत्येक पहारेकरी दहा फेऱ्यांत एकदा जागेवर नसे, नाहीतर घोरत असे. दुसरा कुणी असता तर संतापला असता. टिपणीसांना हायसं वाटलं. एक माणूस चुकतो दहात एकदा. म्हणजे चौघं एकाच वेळी चुकणार दहा हजारांत एकदा. पावसाळ्याचेच दिवस धरले तर असा दिवस ऐंशी वर्षांनी उगवणार, आणि नेमका त्याच दिवशी पूरही यायला हवा. त्यांनी हे मोठ्या साहेबांना लिहून कळवलं. साहेब खूश झाले. पावसाळा नीट पार पडला की टिपणीसांची नोकरी कायम होणार होती.

चौघं निवडून दिले होते कोंडाजी पाटलानं. "रावसाब, नामा, गोमा, हिरामण, धाऊ, चारी एकाच भावकीतली हायत," तो म्हणाला होता. "एक जितं जाईल तितं चारी जातील." टिपणीसांनी हाही एक गुण म्हणूनच साहेबांना कळवला.

त्या दिवशी झडीचा तिसरा दिवस होता. टिपणीस छत्री घेऊन बंधाऱ्यावर उभे होते. मुकादम कमळ्या जवळ आला.

"रावसाब, पानी तांबडं झालंया. फळ्या काढू?"

"ढोल वाजला?"

"नाय."

"मग? चौघं काय एकदम मेले?"

कमळ्यानं डोकं खाजवलं. फळ्या उगाच काढल्या तर साठवलेलं पाणी जाणार आणि त्याचा जाब टिपणीसांना द्यावा लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. "तुमी म्हंता तर नाय काढत," म्हणून कमळ्या तंबाखू चोळत बसला.

बंधारा फुटल्यावर थोड्या वेळानं ढोल ऐकू आले. चारही. पण खालच्या अंगानं.

तिथं मसणवट होती. गोदूबाई, पाटलाची आजी, सकाळी गेली होती. पतवंडं पाहिलेली म्हातारी, म्हणून भावकीनं तिला वाजतगाजत न्यायचं ठरवलं आणि गावात ढोल होते ते हे सरकारी चार. चिता भिजल्या लाकडांवर कशीबशी पेटत आली होती, तोच वरून पाण्याची भिंत आली. तिथल्या माणसांत चौघा पहारेकऱ्यांनी पूर सर्वांत आधी पाहिला आणि हुकुमाप्रमाणे ढोल बडवले. गोदूबाईला नदीनं नेलं.

संध्याकाळी टिपणीसांनी चौघांना चावडीत उभं केलं.

"नामा, कुठं होतास?"

"म्हातारीच्या मातीला."

"धाऊ?"

"तितंच."

"गोमा, तू तरी—"

"लाकडं मीच फोडली, रावसाब."

"अरे, एकानं तरी मागं राहायचं!"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी हिरामण म्हणाला, "राहील त्याला पुढं खांदा कोन देनार? तुमी देनार?"

कोपऱ्यात पाटलाची बायको चंद्राबाई डोळे पुसत बसली होती. "या झडीतच जायाची व्हती," ती म्हणाली. "नदी चढती तवाच म्हाताऱ्यांचा दमा चढतो. दर सालचं हाय."

टिपणीस घरी आले. चूक त्यांना कळली. दहाला दहानं गुणायचं तर एकाचं चुकणं दुसऱ्याला ठाऊकही नसावं लागतं. इथं चौघांना मिळून आजी एक होती, आणि तिला नेणारा पाऊसही पुराचाच होता. दहा हजारांत एक कसलं? म्हातारीचा एक श्वास, इतकंच अंतर होतं. हे खरं लिहावं तर आधीचं पत्र खोटं ठरत होतं आणि त्याबरोबर नोकरी जात होती. त्यांनी दौत पुढं ओढली आणि लिहिलं: अपघात अत्यंत दुर्मीळ स्वरूपाचा. यापुढं पहारेकरी चारऐवजी आठ नेमावेत. म्हणजे असा योग दहा कोटींत एक.

साहेबांचा मंजुरीचा हुकूम आठवड्यात आला. बंधारा डागडुजी करून उभा करावा, आठ पहारेकरी नेमावेत, ढोलही आठ घ्यावेत. माणसं नेहमीप्रमाणे पाटलानंच निवडावीत. टिपणीसांना कायम करण्याचा विचार पावसाळा संपल्यावर होईल.

पाटलानं आठ दिले. भावकी मोठी होती.

तेव्हापासून टिपणीस सकाळी बंधाऱ्यावर जाण्याआधी मोतीबाईच्या पडवीत जातात. मोतीबाई ही पाटलाची चुलत आजी, गोदूबाईहून दोन-चार वर्षांनी लहान, आठही पहारेकऱ्यांची कुठून ना कुठून आजी. टिपणीस तिच्यासाठी खोपोलीहून सुंठ आणि मध आणवतात आणि नाडी स्वतः बघतात. गावाला वाटतं, शिकलेला असून माणूस मायाळू आहे.

"आजी, दोन घास तरी खा."

"कशापाई रं? सोनं झालं माजं. आता ढोल वाजू द्या."

सोमवारी तिनं अन्न सोडलं. मंगळवारी घाटावर ढग उतरले. आज दुपारपर्यंत तिला धुगधुगी होती. पाऊस थांबलेला नव्हता.