चांगल्या दिवसाचं पाणी

"कॅनमधलं भर," साहेब म्हणाले आणि नाकाला रुमाल लावून गाडीकडे वळले.

मी रिकामी बाटली धरून टाकीच्या कठड्याशी उभा होतो. गावाच्या सांडपाण्याच्या या टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद पडून वीस दिवस झाले होते. हवा नाही म्हटल्यावर घाण खाणारे जिवाणू मेले, पाणी काळं पडलं आणि तसंच्या तसं नदीत चाललं होतं. सुटा भाग येतोय, येतोय, एवढंच ऐकत होतो. येतोय म्हणे! चालत येतोय की काय?

कॅनची गोष्ट सांगतो, लाज वाटली तरी. आमच्याकडची ही जुनी रीत. सगळी यंत्रं धड चालत असतील त्या दिवशी एक कॅन नितळ पाणी भरून कपाटात ठेवायचं. पुढे बिघाड झाला की तपासणीची बाटली त्यातून भरायची. माझ्या आधीच्या ऑपरेटरने निवृत्त होताना त्या कपाटाची किल्ली मला अशी दिली, जशी सासू सुनेला तिजोरीची देते. अठरा वर्षं सांभाळली मी ती. बिघाड दोन-चार दिवसांचाच असायचा, नदी पोटात घालायची. मीही डोळे मिटायचो.

या खेपेला मात्र आक्का आली. माझी थोरली बहीण खालच्या अंगाला, नदीकाठच्या वस्तीत राहते. तिथली विहीर नदीला लागूनच. दहा दिवसांपूर्वी फाटकाशी येऊन तिने विचारलं, "अरे, पाण्याला वास मारतोय. उकळून प्यावं का?"

"काही होत नाही गं. हा बघ रिपोर्ट, कालचाच आहे."

माझ्याच कॅनचा तो कागद, आणि मी तो सख्ख्या बहिणीला दाखवला. जीभ कशी झडली नाही माझी!

आज सकाळी भाच्याचा फोन आला. त्याची चार वर्षांची पोरगी जुलाबाने अर्धमेली होऊन दवाखान्यात पडली होती.

मी कॅन उचलला आणि टाकीत ओतून दिला. मग खाली उतरलो आणि नदीत पडणाऱ्या धारेखाली बाटली धरली. साहेब धावत आले.

"डोकं फिरलं का तुझं? नोकरी जाईल!"

"जाऊ दे."

"अरे, माझीही जाईल!"

"मग चला माझ्याबरोबर दवाखान्यात. पोरीला तेवढं समजावून सांगा."

बाटलीवर तारीख, वेळ घालून मी सही केली आणि नमुना न्यायला येऊन फाटकाशी थांबलेल्या माणसाच्या हातात ती दिली.

दवाखान्यात आक्का नातीच्या उशाशी बसली होती. पोरीचे डोळे खोल गेले होते, ओठांची सालपटं निघाली होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "आक्का, तो कागद खोटा होता. पाणी घाण होतं. मला माहीत होतं."

तिने नातीचं पांघरूण सारखं केलं.

"चुलीवर चढवलेलं पातेलं उतरवलं रे मी त्या दिवशी," ती म्हणाली. "आणि वस्तीत घरोघर सांगत फिरले. माझा भाऊ आहे तिथे, बिनघोर प्या म्हटलं."

तेव्हा कुठे मी मान वर केली. अकरा खाटा, आणि सगळे चेहरे वस्तीतले. कोपऱ्यातल्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती.

"तिथे?"

"शिंप्याचं पोर. सकाळी गेलं."

आक्काने मला बस म्हटलं नाही.

"मला एकटीला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "त्यांना सांग. एकेकाला."

वस्तीत लहानथोर सगळे मला मामाच म्हणतात. शेजारच्या खाटेवरच्या बाईने मला येताना पाहिलं. तिने लेकाचे पाय अलगद बाजूला सरकवले आणि पदराने चादर झाडून जागा केली.

"या मामा, बसा," ती म्हणाली. "दमलेले दिसता."