सुरतच्या पाठीमागची दरी

सुपडू लागोपाठ दोन पाळ्या करून उधना स्टेशनावर उभा होता आणि उभ्याउभ्याच झोपत होता. खानदेशातून येणारी गाडी कधी शिरली ते त्याला दिसलंच नाही. सासऱ्याने दंड धरून गदागदा हलवला तेव्हा कळलं, गाडी आली, माणसं उतरली आणि गाडी गेलीसुद्धा.

"जवाईबापू, जागे शेतस ना?" उखा म्हणाला. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच पुढचं आलं, "आते चला. पहिले दरी दखाडा."

सुपडूची उरलीसुरली झोप उडाली.

इथे मूळ घोळ सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. सुरतेत प्लेगची पळापळ झाली तेव्हा सुपडूने बायकोला, पुष्पाबाईला, तान्ह्या चेतनसकट माहेरी पोचवलं. पळालेली सुरत परत आली, कापडाचे लूम पुन्हा खडखडू लागले, पण उखाने लेक काही धाडली नाही. "त्या गावाला हवाच नाही," एवढंच म्हणे. असं करता करता महिने लोटले. तेव्हा सुपडूने सासऱ्याला हवाच दाखवायचं ठरवलं. त्याच्या ओळखीच्या धर्मेंद्रच्या फोटो स्टुडिओत एक पडदा होता, परदेशी कॅलेंडर बघून रंगवलेला. लाल कड्यांची अफाट दरी आणि तळाशी दोऱ्याएवढी नदी. त्या पडद्यापुढे छाती काढून त्याने फोटो काढून घेतला. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाडीला गेला तेव्हा तो पुढे ठेवून म्हणाला, "सुरतच्या पाठीमागची दरी. आपल्या तापीने कापलेली. खोलीच्या दारातून दिसते."

दुसऱ्या कुठल्या मुलखात ही थाप पचली नसती. पण उखाची हयात तापीकाठी ढोरं चारण्यात गेलेली. तापी सुरतेला नांदायला जाते हे त्या गावात पोरासोरांना ठाऊक. तिकडे जाऊन ती काय दिवे लावते, हे मात्र कोणी पाहिलेलं नव्हतं. आपली नदी डोंगर कापू शकते, यावर उखाचा चटकन विश्वास बसला. "दरी खरी निघाली तर पुष्पी तुमची," त्याने भर ओट्यावर सांगून टाकलं.

आणि सुपडू तरी नुसता थापाड्या कुठे होता? दऱ्यांनी त्याला खरंच झपाटलं होतं. पाळी सुटली की तो स्टुडिओच्या बाकावर बसून ते कॅलेंडर उलटायचा. एका दरीत प्रचंड गिधाडं तरंगत, आणि काठावरच्या माणसाला वरून त्यांच्या पाठी दिसत. चीनमधल्या एकीत नदी डोंगरांच्या चिमटीत सापडलेली, माणसं काठाने दोर ओढत नावा नेताहेत. एक तर इतकी अरुंद, की भर दुपारी ऊन खांबासारखं सरळ तळाशी उतरायचं. दिवसभर लूमचा खडखडाट कानात भरून घेतल्यावर, जिथे काहीच वाजत नाही असं काहीतरी त्याला बघत बसावंसं वाटे. बघता बघता तिथेच डुलकी लागे.

"आज दरी बंद आहे, मामा," तो आता म्हणाला.

"दरी? बंद?"

"गाळ काढताहेत."

"मग तर बघूच. मी काय कमी गाळ काढलाय?"

सुपडूने त्याला रिक्षाने तापीच्या पुलावर नेलं. खाली तापी पसरली होती, गढूळ, सपाट, बाळंतिणीसारखी सुस्त. उखाने कठड्यावरून वाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"कडे कोठे शेतस?"

"ओहोटी आहे ना. भरती आली की कडे वर येतात."

"कडे वर येतात?"

"समुद्र जवळ आहे, मामा. इकडे असंच."

उखाने जावयाकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला. "तुमच्या दारातून दिसते ना? मग दारात चला."

आता कुठली थाप मारायची? सुपडूचे डोळे चुरचुरत होते, डोकं रिकाम्या बॉबीनसारखं झालं होतं. तो सासऱ्याला भेस्तानला, आपल्या खोलीकडे घेऊन आला. दोन लूम-कारखान्यांच्या उंच भिंती, मध्ये बोळ, बोळाच्या शेवटी त्याची खोली. गटारातून रंगाचं पाणी वाहत होतं. दोन्ही भिंती आतल्या मागांनी थरथरत होत्या.

उखाने हात पसरले. दोन्ही तळवे दोन्ही भिंतींना टेकले. मान मागे टाकून त्याने वरची आभाळाची चिंधी पाहिली.

"ऊन येतं का इथं?"

"बाराला. खांबासारखं," सुपडू म्हणाला. हे मात्र खरं होतं.

"हीच का ती?"

"हीच." तो पायरीवर टेकला. आणखी काहीतरी सांगायचं मनात होतं, पण वाक्य जुळायच्या आत त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा बोळात अंधारून आलं होतं. शेजारची कमल घागर घेऊन खोळंबली होती. "काय काका, रस्त्यातच बिऱ्हाड मांडलं का?"

"जवाई झोपलाय. जा पाय उचलून," उखाने दरडावलं. त्याने सुपडूचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरून ठेवले होते.

सुपडूने हात सोडवून घेतले. "मामा, ती दरी..."

"राहू द्या. तुमची बोटं झोपेत काय करतात, माहीत शे?"

"काय करतात?"

"गाठी मारतात. तुटलेल्या दोऱ्याला मारावी तशी. एक झाली की दुसरी. मी दाबून धरली की थांबत, सोडली की पुन्हा सुरू."

सुपडू आपल्या बोटांकडे बघत राहिला.

"हवा नाही ती नाहीच इथं," उखा म्हणाला. "पण बोटं धरायला माणूस पाहिजे. शुक्रवारी पुष्पीला आणि पोराला घेऊन येतो."

"शुक्रवारी माझी दिवसपाळी आहे."

"मग कोणाला तरी बदली घाला."

"घालतो," सुपडू म्हणाला. सासऱ्याच्या चहाचं बघायला उठावं म्हणून त्याने भिंतीला हात टेकला. पण तो तसाच बसून राहिला, आणि उखाही त्याला उठवायला गेला नाही.