यंत्राला गोधडी

टूं.

मग जरा शांतता, आणि पुन्हा — टूं, टूं. तीन लांब, घोगरे आवाज, आणि त्यानंतर पंख्याची तेवढी घरघर. स्क्रीन काळीच. टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यावरचा हिरवा ठिपका मात्र असा तेवत होता, की जणू त्याच्याकडून सगळं व्यवस्थित चाललंय, बाकीच्यांचं बाकीच्यांनी बघावं.

बटणावर बोट ठेवून ती तशीच वाकून राहिली. आतल्या खोलीत भिंगरी झोपली होती — भिंगरी म्हणजे तिची लेक, वय वर्षं पावणेचार, जागेपणी एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव — आणि दुपारच्या या दीड तासात घरात जी शांतता उतरायची तिच्यावर ती गेले पंधरा दिवस डोळ्यांत तेल घालून पहारा करत होती. नळाला फडकं बांधलेलं, घड्याळ उशीखाली, दाराच्या घंटीची तार काढलेली... आणि आज त्याच शांततेत हा आवाज.

गंमत अशी, की पहिल्या क्षणी तिला भीती वाटलीच नाही. पहिल्या क्षणी तिचं उजव्या हाताचं बोट आपोआप वर उठलं. ऐकू आलं — असं सांगणारं बोट. सहा वर्षं तिने काचेपलीकडे बसलेल्या माणसांच्या कानात असेच आवाज सोडले होते. आधी मोठे, मग बारीक, मग इतके बारीक की आवाज होता की नुसती आशा होती हे त्या माणसालाही सांगता येऊ नये — आणि ती माणसं बोट वर करायची, आणि ती कागदावर खूण करायची. कानाच्या दवाखान्यातलं तिचं काम तेच. आज पहिल्यांदाच कुणीतरी उलट तिची तपासणी घेत होतं. कान ठीक आहेत बाई तुमचे, ती मनात म्हणाली, आणि खुदकन हसली, आणि मगच तिच्या लक्षात आलं की हसण्यासारखं काहीच झालेलं नाही.

कारण शब्द आत होते.

पन्नास शब्द. चेंडू, मासा, टोपी, घोडा, चावी, गाडी... दोन-दोन अक्षरांचे, लहान मुलांच्या तपासणीसाठीचे. मुलाच्या कानाला यंत्र लावायचं, शब्द सोडायचा, समोरच्या चित्रांपैकी बरोबर चित्रावर त्याने बोट ठेवलं की ऐकू आलं. दवाखान्यातलं जुनं रेकॉर्डिंग खरखरायला लागलं, तेव्हा भिंगरीसाठी तिने काम सोडल्याला साडेतीन वर्षं झाल्यावर मोठ्या मॅडमनी तिला फोन केला होता. तुझ्या आवाजाला मुलं घाबरत नाहीत, करशील का, घरूनच कर. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात दोन पातेली उगाचच घासत बसली होती — आधीच घासलेली. आवाज आज पाचपर्यंत पोचायचा होता. नाहीतर उद्यापासून यंत्रात दुसराच आवाज भरणार होते, एका बाईंचा तयार आवाज, चांगला, स्वच्छ, पण 'चेंडू' असं म्हणायचा की वाटावं चेंडूचं निधन झालंय.

आणि दुसरी प्रत तिने ठेवली नव्हती. का नाही ठेवली? काल शेवटचा शब्द झाल्यावर मी इतकी आनंदात होते, की प्रत-बित म्हणजे अविश्वास वाटला असता.

नवऱ्याला फोन लावला. तो कामाच्या गडबडीत होता. त्याने हळू आवाजात सांगितलं की हात लावू नकोस, उद्या माणूस बोलावू, आणि मॅडमना सांग ना एक दिवस थांबा. उद्या. त्याच्या तोंडी हा शब्द नेहमी किती हलका असतो — त्याचंही चुकत नाही, त्याच्या उद्यामध्ये खरंच जागा असते. तिचा दिवस मात्र दुपारच्या दीड तासावर तोललेला.

मग तिने अण्णांना फोन केला.

अण्णा म्हणजे सासरे. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला, आणि लिफ्टच्या मोटारींनीच कान अधू केलेले. लग्नाच्या दोन वर्षं आधी मुलगा त्यांना बळंबळं तिच्याकडे तपासायला घेऊन आला होता — पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं — आणि त्या तपासणीत अण्णांनी चक्क कॉपी केली होती. काचेतून तिच्या खांद्याकडे बघायचे. खांदा हलला की बोट वर. तिला संशय आला. बटण न दाबताच तिने खांदा हलवला, आणि अण्णांनी मोठ्या आत्मविश्वासाने बोट वर केलं. तेव्हापासून दोघांमध्ये एक करार होता: ते तिच्याशी खोटं बोलत नसत, आणि ती त्यांच्याशी मोठ्याने बोलत असे.

आज मात्र दाराआड भिंगरी झोपलेली. ती बाल्कनीत गेली, दार लावलं, आणि वाळत घातलेल्या चादरीत डोकं घालून बोलली.

"यंत्र बोलतंय, की मुकं आहे?" अण्णांचा पहिला प्रश्न.

"बोलतंय. तीनदा ओरडतं, थांबतं, पुन्हा तीनदा."

"मग रडवेली कशाला होतेस? मुकं असतं तर मी काळजी केली असती. ओरडतंय म्हणजे काहीतरी मागतंय." मग कबुलीच्या सुरात, "तुमच्या त्या डब्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण लिफ्ट असो नाहीतर माणूस, बंद पडलं की पहिलं विचारायचं, शेवटचा हात कुणी लावला. कुणी लावला?"

तिला उत्तर माहीत होतं. पहिल्या टूंपासूनच माहीत होतं. पण माहीत असणं आणि सासऱ्यांना सांगणं यात बराच जिना चढायचा असतो.

"मी त्याला गोधडी गुंडाळत होते," ती म्हणाली.

"कुणाला?"

"कॉम्प्युटरला. पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येत होता म्हणून. रोज दुपारी टेबलाखाली आत ढकलायचे, आणि वरून गोधडी."

पलीकडून अण्णांचा तो दुर्मीळ, गंजलेला हसण्याचा आवाज — दर वर्षी फार तर दोनदा होणारा.

"पोरी, यंत्राला गोधडी? थंडी वाजत होती का त्याला?" आणि हसू ओसरल्यावर, अगदी कामाच्या आवाजात, "आधी भिंतीतली पिन काढ. मग उघड आणि बघ, काय जागचं हललंय. तुझे हात चांगले आहेत. मला माहितीये, मी काचेतून बघत होतो."

तिने चादरीतून डोकं बाहेर काढलं. इतक्या वर्षांत अण्णांनी तिला दिलेलं हे पहिलं सर्टिफिकेट, आणि ते त्यांनी स्वतःच्या लबाडीची आठवण काढून दिलं होतं.

यंत्राचं माहितीपुस्तक कपाटात खालच्या कप्प्यात निघालं, भिंगरीच्या लसींच्या कागदांखाली. मागच्या पानावर आवाजांचा तक्ता होता — एक छोटा, दोन छोटे, एक लांब दोन छोटे — आणि तो बघून तिला इतकं घरी आल्यासारखं वाटलं... असले तक्ते वाचण्यात माझी सहा वर्षं गेलीत, बाबांनो, तुम्ही मला काय सांगता. तीन लांब: मेमरीची पट्टी सापडत नाही. म्हणजे शब्द नव्हे. शब्द डिस्कवर, वेगळ्या खोलीत झोपलेले. ही पट्टी यंत्राच्या जागेपणापुरती. ती मिळाली नाही तर यंत्र डोळे उघडून बसतं खरं, पण कुणाला ओळखत नाही.

पिन काढली. नवऱ्याच्या खणातला पेचकस. दोन स्क्रू, बाजूचा पत्रा सरकला — आणि आत गोधडीचा सगळा कापूस, पंधरा दुपारींचा, करड्या मांजरासारखा पसरून बसलेला. ती मांडी घालून बसली. रंगाच्या ब्रशने एकेक धागा उचलू लागली, आणि हळूहळू तिला जाणवलं की आपण श्वास संथ घेतोय, खांदे खाली आलेत, आणि हातांना काय करायचं ते डोक्याच्या आधी कळतंय. किती दिवसांनी. साडेतीन वर्षं या हातांनी पुसलं, भरवलं, थोपटलं, धुतलं — प्रेमाने, अगदी प्रेमाने — पण हात स्वतः काही शोधत नव्हते. आता बोटं स्वतःच पुढे सरकत होती, एखाद्या कानाच्या पाळीमागे हळूच चाचपावं तशी. धातूला आधी हात लावायचा, अंगातली वीज उतरवायची. दोन बाजूंच्या क्लिपा दाबायच्या. पट्टी अलगद वर आली, बोटभर उंचीची, खाली सोनेरी दातांची रांग.

दवाखान्यातला म्हातारा मेकॅनिक असल्या पट्टीचे दात खोडरबराने घासायचा. तिने शंभरदा बघितलं होतं. भिंगरीचं खोडरबर तिला सोफ्याखाली सापडलं, स्ट्रॉबेरीच्या आकाराचं, वासाचंही तसंच. ती घासत राहिली, फुंकर मारून नव्हे, कोरड्या फडक्याने टिपत. सोनं उजळलं. पट्टी परत खाचेत, अंगठ्यांनी दाब, टक्. पिन लावली, बटण दाबलं.

टूं, टूं, टूं.

सव्वातीन झाले होते. पन्नास शब्द, त्यातला 'पाणी' एकवीस वेळा म्हणून पाहिलेला — कधी शेवटचं अक्षर घसरायचं, कधी बाहेर कुणी खाकरायचं, आणि एकदा सगळं जमलं असताना दाराआडून हाक आली होती, आई, शू. ते सगळं उद्या कुणालाच माहीत नसेल. चेंडूचं निधन होत राहील. आणि मी? मी म्हणेन, असू दे. मला असू दे म्हणायची किती छान सवय झालीये.

नाही, म्हणजे नाहीच.

पुन्हा पिन काढली. या वेळी टॉर्च दातांत धरला आणि गाल जमिनीला टेकवून खालून पाहिलं — खाचेच्या तळाशी, पार कोपऱ्यात, एक निळा धागा आडवा पडलेला. गोधडीचाच. चिमट्याने ओढला, अर्धा आला, अर्धा तुटून राहिला. शेजारी दुसरी खाच रिकामी होती, स्वच्छ, कधी न वापरलेली. तिने पट्टी तिथे टेकवली. अंगठे दोन्ही टोकांना, सारखं वजन, एकाही बाजूला कमी नाही — 'टोपी' म्हणताना दोन अक्षरांना देतात तसं. टक्. आणि दुसरीकडूनही टक्. मघाशी एकदाच वाजलं होतं, आता आठवलं.

दारात भिंगरी उभी होती. केस उभे, हातात उशी, ओठांवर स्वतःचंच बोट. पंधरा दिवसांची शिकवण: रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की गप्प. तिने अगदी श्वासाच्या आवाजात विचारलं, "लाल दिवा लागलाय?"

आईने दातांतला टॉर्च काढून मांडीवर ठेवला. "नाही गं राणी. आज ओरडलं तरी चालेल."

भिंगरीला खरं वाटेना. तिने आधी एक छोटंसं 'आ' करून पाहिलं, आईच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि मग असं काही ओरडली की वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली. आईही ओरडली. टॉर्च मांडीवरून घरंगळला. त्या दोघींच्या गलक्यातच पिन लागली, बटण दाबलं गेलं, आणि तरीही तिला ते ऐकू आलं — एकच, आखूड, जवळजवळ लाजरं टुक्. तक्त्यातली पहिली ओळ: सर्व ठीक.

स्क्रीन उजळली. फाइल होती. पन्नासच्या पन्नास. तिने पाठवायला घेतली आणि निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. तोवर भिंगरी मांडीत येऊन बसली, धुळीची पर्वा न करता, आणि आईच्या काळ्या झालेल्या नाकाला बोट लावून ते बोट तिने स्वतःच्या नाकाला पुसलं. अण्णांना फोन करायचा होता. नवऱ्यालाही, जरा तोऱ्यात. पण आधी हे. तिने आवाज सुरू केला.

"घोडा," खोलीत तिचाच आवाज म्हणाला, शांत, न घाबरवणारा. भिंगरीने चमकून आईच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं. "चावी." भिंगरीने दाराच्या चावीकडे बोट दाखवलं. "पाणी." नळाकडे. दर वेळी बोट दाखवून ती मागे वळायची, वर बघायची, आई हसली की मगच पुढच्या शब्दाला तयार व्हायची.

निळी पट्टी भरली. फाइल गेली. चार वाजायला दहा मिनिटं होती, आणि तिच्या आत काहीतरी इतकं हलकं झालं की तिला उठून नाचावंसं वाटलं.

"कुठे गेले शब्द?"

तिने सांगितलं. एक मोठी खोली असते, तिला काच असते. आत एक छोटं मूल बसतं, त्याच्या कानात हे शब्द जातात, आणि ऐकू आलं की ते चित्रावर बोट ठेवतं.

"मग?"

"मग..." ती म्हणाली, आणि थांबली. मग ते मूल मान वळवतं. चित्राकडे नाही, काचेकडे. आणि काचेपलीकडून मी डोळे मोठे करायचे, गाल फुगवायचे, आणि ते हसायचं, पहिल्यांदा ऐकल्याचं हसू, ते सगळं माझ्याकडे यायचं... ते तर कुठे भरलंच नाही. ते पन्नास शब्दांत नव्हतं. आनंद तसाच होता, जराही उणा झाला नव्हता. फक्त त्याला आता कुठेतरी जायचं होतं.

भिंगरीने नाकावरचा काळा ठिपका पुसून आईकडे वळून पाहिलं.

"पण तू तर इथे आहेस," ती म्हणाली. "मग त्या मुलाला ऐकू आलं, हे ते कुणाला सांगणार?"