इसिद्राचा घोटा

भर अंगणात इसिद्राने चपला भिरकावल्या आणि फाउस्तोला म्हणाली, "ऊठ. बस बांबूपाशी."

फाउस्तोच्या पेल्यातली ताडी शर्टावर सांडली. "वेडबिड लागलंय का? अठ्ठावन्न वर्षांची झालीस!"

"साठ. हिशोबात कच्चा तो कच्चाच राहिलास."

संताच्या सणाला सारा गाव जमला होता, आणि एकदम सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. वीस वर्षांपूर्वी याच सणात, याच फाउस्तोने वाजवलेल्या दोन बांबूंच्या मध्ये इसिद्राचा घोटा सापडून मोडला होता. तालावर मिटत्या-उघडत्या बांबूंमधून उड्या घेत करायचा टिनिक्लिंग नाच नाचावा तर इसिद्राने, असं पंचक्रोशीत म्हणायचे लोक! तेव्हापासून ती लंगडत मासळी विकत होती, आणि फाउस्तोने बांबूला हात लावला नव्हता.

भाची नेना धावत आली. "आत्या, नको ना! परत मोडला म्हणजे? आणि नाचायचंच तर फाउस्तोकाकाच कशाला?"

"ज्याने मोडला त्यानेच वाजवायचं. लंगडी इसिद्रा म्हणून मरायचं नाहीये मला!"

फाउस्तो उकिडवा बसला. समोरच्या टोकाला नेनाचा नवरा बसला. फाउस्तोने बांबूंची टोकं मुठीत धरली.

"तुझं काय चुकलं होतं, ठाऊक आहे?" इसिद्राने विचारलं.

"जोरात मिटले बांबू."

"डोंबल! मी जराशी अडखळले, तुला दया आली, अर्धा ठोका थांबलास. मी आपली तालावर परत आत, आणि तेव्हा मिटलेस तू! अरे, वाजवणाऱ्याने गाणं ऐकायचं, पाय नाही बघायचे. शेंबड्या पोरालासुद्धा कळतं हे."

फाउस्तोने मान खाली घातली. "पाय बघण्यासारखेच होते गं तुझे."

अंगणभर शिट्ट्या पडल्या. इसिद्राचे कान तापले. "मेल्या, डोळे मीट!"

त्याने घट्ट मिटले. गिटारी सुरू झाल्या. ठक, ठक, खट! ठक, ठक, खट! इसिद्रा आत शिरली. पहिला फेरा जड गेला. दुसऱ्या फेऱ्यात घोट्यातून कळ आली, पाऊल रेंगाळलं, आणि तिच्या काळजात धस्स झालं. बांबू मात्र थांबले नाहीत. ते थांबणार नाहीत हे कळलं आणि तिची भीतीच मेली. कसाबसा पाय उचलून ती बाहेर पडली, पुढच्या ठोक्याला पुन्हा आत.

"जलद!" ती ओरडली. गिटारवाले चेकाळले. "अजून जलद! जेवला नाहीत का रे?"

आता ती दोन्ही हात कमरेवर ठेवून, मान ताठ करून नाचत होती. पोरी तोंडात बोटं घालून बघत राहिल्या. शेवटच्या ठोक्याला तिने बाहेर उडी घेतली आणि त्याच मोडक्या पायावर, एकाच पायावर, उभी राहिली. गावाने अंगण डोक्यावर घेतलं. नेना रडत रडत टाळ्या पिटत होती.

फाउस्तो अजून बांबू आपटतच होता, डोळे मिटून, घामाने निथळत. "संपलं का गं? पाय शाबूत आहेत?"

इसिद्राने वाकून त्याचा हात धरला. "उघड डोळे," ती म्हणाली. "आता बघ हवे तेवढे."