यल्लाप्पाची तात

माझ्या कानाचा मला फार गर्व होता. मिरजेत तंबोरे दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. गवई मंचावर येण्याआधी वाद्य पट्टीत लावून ठेवायचं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

चौऱ्याण्णव साली एक डच बाई दुकानात आल्या. औंधकडच्या एका घरात त्यांना अडीचशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं वाद्य सापडलं होतं. गांबा त्याचं नाव. दिसायला व्हायोलिनसारखं, पण मोठं, गुडघ्यांत धरून गजानं वाजवायचं. त्या घरच्यांनी ते एका कार्यक्रमापुरतं दिलं होतं. वाद्याच्या पोटाला, म्हणजे पुढच्या फळीला, जुनी चीर होती, ती मी सरसानं सांधली. पण धातूच्या तारांचा ताण त्याला सोसणार नव्हता. बाईंना त्या काळासारखी तात हवी होती, मेंढीच्या आतड्याची, हातानं वळलेली.

तशी तात वळणारा आमच्या भागात एकच उरला होता, यल्लाप्पा. जन्मभर त्यानं पिंजाऱ्यांच्या धनुकल्यांना तात पुरवली. यंत्रं आली, पिंजारी गेले, आणि म्हातारा घरी बसला.

"कापूस पिंजताना माझी तात नुसती टणटणली," तो मला म्हणाला. "एकडाव तिनं गावं, सयाजी. मंग डोळं मिटलं तरी चालंल."

महिनाभर खपून त्यानं सहा ताती वळल्या. बाई त्या चढवून त्याला दुकानातच ऐकवू लागल्या, तर हा उठून बाहेर गेला. ऐकीन तर सांगलीच्या सभागृहात, चार लोकांत, म्हणाला. मी हसलो त्याला.

कार्यक्रम संध्याकाळी पाचला होता. दुपारी सभागृहाच्या मागच्या खोलीत वाद्य माझ्यावर सोपवून बाई जेवायला गेल्या. मी सहज तात छेडली. सूर उतरलेला होता, तिथल्या पेटीच्या कुठल्याच पट्टीशी जुळेना. नवी तात, ढिली पडली असणार. माझे हात शिवशिवले. सहाही ताती मी पेटीला मिळवून चढवत नेल्या. वाद्य खणखणीत बोलायला लागलं आणि मी खुशीत चहाला गेलो.

परत आलो तेव्हा बाई वाद्यापुढे जमिनीवर बसल्या होत्या. ताण वाढून, मी सांधलेल्या चिरेपासून पोट पार खालपर्यंत उभं फाटलं होतं. हे आता वाजणार नाही, मला पाहताक्षणी कळलं. "त्या काळचा सूर खालचाच असतो, मी मुद्दाम तसा ठेवला होता," एवढंच त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

यल्लाप्पा चारलाच येऊन पहिल्या रांगेत बसला होता, नवा पटका बांधून. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं शिवी दिली नाही. माझा हात धरून उठला आणि म्हणाला, "दाव."

आत आल्यावर त्यानं एकेक तात चाचपली.

"एक बी तुटली न्हाई?"

"न्हाई. तुमी लय पक्की वळली हुती," मी म्हणालो. "चूक माझी हाय, यल्लाप्पा. समदी माझी."

त्यानं चिरेवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"जरा कच्ची वळाया पायजे हुती रं," तो म्हणाला. "तात तुटली असती, वाद्य वाचलं असतं."