थांबली की तापते

नम्रतानं गाडी घेतली तेव्हा वेणूबाईंनी हिंगोलीपर्यंत फोन केले होते. सेकंडहँड का असेना, घराण्यातली पहिली चारचाकी, आणि तीही पोरीच्या नावावर! खराडीच्या कंपनीत कॉम्प्युटरपुढे मान मोडून लेकीनं ती मिळवली होती. आणि आज दुपारी चारला जुन्या गाड्यांचा एजंट येऊन तीच गाडी घेऊन जाणार म्हणे. वेणूबाईंना सकाळपासून घास गेला नव्हता.

पंधरा दिवस गाडीनं नुसता उच्छाद मांडला होता. एसीतून गरम वाफारा, पुढून पाण्याची गळती, आणि स्वारगेटच्या सिग्नलला भर गर्दीत बॉनेटमधून धूर. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून जीव खायचे ते वेगळंच. एका चकाचक वर्कशॉपनं सांगितलं, रेडिएटर बदला आणि एसीचा कॉम्प्रेसरही बदला. आकडा ऐकून नम्रता म्हणाली, "त्यापेक्षा विकून टाकते. जाईन पुन्हा बसनं." दोन बस बदलून ती घरी यायची ते दिवस वेणूबाईंना चांगले आठवत होते. तोवर दारात येरझाऱ्या घालून त्यांचे पाय दुखायचे. सोसायटीचा वॉचमन संपत मार्केट यार्डामागच्या जब्बार मेकॅनिकचं फार कौतुक करायचा. "विकायच्या आधी त्याला एकदा दाखव," असा धोशा लावून वेणूबाईंनी लेकीला तिथं आणलं आणि स्वतःही पिशवी घेऊन बरोबर आल्या.

"वर्कशॉपनं काय सांगितलं ते राहू द्या," जब्बार हात पुसत म्हणाला. "गाडीला काय होतंय ते सांगा."

"एसी चालत नाही आणि कूलंट लीक होतंय."

"पळताना, की उभी असताना?"

नम्रता अडखळली. "बायपासला एसी ठीक असतो. सिग्नलला थांबलं की गरम. पाणीसुद्धा... हो, ट्रॅफिकमध्येच जातं."

"वर्कशॉपवाल्यांनी हे विचारलं?"

"नाही."

"कशाला विचारतील? प्रश्न विचारायचं बिल लावता येत नाही."

जब्बारनं सगळे पाइप फडक्यानं कोरडे केले, गाडीखाली पुठ्ठा सरकवला, आणि इंजिन नि एसी चालू करून स्टुलावर निवांत बसला. दहा मिनिटं झाली. तापमानाचा काटा वर चढत गेला. पुठ्ठ्यावर थेंब नाही. मग कूलंटच्या बाटलीच्या झाकणातून भसकन पाणी उसळलं, तसं त्यानं इंजिन बंद केलं.

"रेडिएटर ठणठणीत आहे, मॅडम. पाणी गळत नाही, उकळून बाहेर येतंय. दूध उतू गेलं म्हणून पातेलं बदलतो का आपण? गाडी पळते तेव्हा समोरून वारा मिळतो. उभी राहिली की तो पंख्यानं द्यायचा. एसीलाही तोच वारा लागतो. आणि तुमचा पंखा ढिम्म उभा आहे."

"म्हणजे मोटर जळली?"

"जळली असेल, नाहीतर काहीतरी अडकलं असेल. पंखा आत जाळीत आहे. पुढचं सगळं खोलायला लागेल. संध्याकाळ होईल."

"आज रेडिएटर, उद्या मोटर, परवा आणखी काही! मला नको हा ताप." नम्रतानं मोबाइल काढला. "एजंटला सांगते, आत्ताच येऊन घेऊन जा."

काहीतरी अडकलं असेल, हे ऐकलं मात्र, आणि वेणूबाईंचा हात पिशवीवर गेला. अगं बाई! दर शनिवारी नम्रता आंघोळीला गेली की किल्ली घेऊन त्या खाली उतरायच्या. बॉनेट उघडायचा खटका संपतनंच दाखवला होता. लिंबू-मिरची पुढं टांगलेली लेकीला खपत नव्हती, ऑफिसच्या पार्किंगमध्ये लोक हसतात म्हणून. मग त्यांनी ती आतल्या जाळीला बांधायला सुरुवात केली. दोन आठवड्यांमागं बघतात तर जुनी जागेवर नाही! रस्त्यात पडली, म्हणूनच गाडीला दृष्ट लागली, असं धरून त्या रोज हळहळत होत्या. आज तर पिशवीत दोन ताज्या माळा घेऊन आल्या होत्या.

"नमू, थांब."

"आई, तू मध्ये बोलू नकोस."

"अगं, थांब म्हणते ना! आत माझंच असेल काहीतरी."

जब्बारनं मान वळवली. "तुमचं काय, मावशी?"

"लिंबू-मिरची," वेणूबाई पुटपुटल्या. "तारेत ओवलेली."

जब्बार हसला नाही, हे त्याचं मोठेपण. बॅटरीच्या उजेडात त्यानं लांब पक्कड आत घातली. आधी एक मिरची निघाली, मग सुकून दगड झालेलं लिंबू, आणि शेवटी पंख्याच्या आसाला गच्च गुंडाळलेली तार. उडालेला फ्यूज बदलला, कूलंट भरलं. आता मोटर जिवंत निघते का, एवढाच प्रश्न होता. त्यानं गाडी चालू केली आणि थोड्या वेळानं पंखा भर्रकन फिरला. काटा निम्म्यावर आला आणि तिथंच राहिला. वेणूबाईंना पुढच्या सीटवर बसवलं, तर तोंडावर असा गार वारा आला की त्यांनी पदर ओढून घेतला.

"निघाली बघा दृष्ट," जब्बार म्हणाला, आणि मग मात्र पोट धरून हसला.

नम्रता हसत नव्हती. "तू मला चोरून दर आठवड्याला बॉनेट उघडत होतीस?"

"मग काय करू?" वेणूबाईंचा आवाज चढला आणि तिथंच फुटला. "केवढाले ट्रक असतात त्या रस्त्याला! तू पोचलीस की नाही हे मला दिवसभर कळत नाही. फोन केला की म्हणतेस, मीटिंगमध्ये आहे. माझ्या हातात दुसरं होतं काय?"

तेवढ्यात एजंटचाच फोन वाजला. "नाही हो, गाडी विकायची नाही," एवढं बोलून नम्रतानं तो बंद केला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना घरचा फोन खणखणला.

"आई, पोचले."

"बरं बरं. मी आपली भाजी निवडतेय," वेणूबाई म्हणाल्या. मेथीची जुडी अजून सोडलीही नव्हती. लेक निघाल्यापासून त्या फोनजवळच बसून होत्या.